‘पाडस’ मुलांच्या हाती देताना

भाचीच्या दहाव्या वाढदिवसाला मी तिला ‘पाडस’ दिलं होतं. ‘‘कशाची गोष्ट आहे गं मावशी?’’ तिने विचारलं, तेव्हा मी केक कापायच्या गडबडीत म्हणाले, ‘‘एका मुलाची आणि हरणाच्या पिल्लाची. मस्त आहे.’’ पाच आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. पोरगी रात्री उशीत डोकं खुपसून रडली होती आणि सकाळी उठून तिने पुस्तक कपाटाच्या वर, हात पोचणार नाही अशा जागी भिरकावलं होतं. त्यानंतर मी गेले की ती एकच वाक्य म्हणायची, ‘‘तू मला सांगितलं नाहीस.’’

बरोबर होतं तिचं.

तेव्हापासून हे पुस्तक मी बऱ्याच मुलांना दिलंय. आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी पाच-सात मुलं वाचायला जमतात, त्यांना दिलं, मैत्रिणींच्या मुलांना दिलं. मूल आणि जनावर यांच्यावरची मराठीत वाचायला मिळणारी याहून चांगली कादंबरी मला माहीत नाही. पण ही नुसती हातात ठेवून निघून जायची वस्तू नव्हे. कुणाला द्यावी, देताना काय बोलावं, मध्ये कुठे थांबावं आणि शेवटी कुठे असावं, याची चुकतमाकत बसलेली रीत खाली लिहिते. लेख मोठ्यांसाठी आहे, त्यामुळे शेवट उघड सांगितला आहे. मुलांपासून हा लेख लांब ठेवा, पुस्तक जवळ ठेवा.

पुस्तक कुठलं, कुणाचं

मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ‘द यर्लिंग’ ही कादंबरी १९३८ साली आली आणि १९३९ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. रॉलिंग्ज १९२८ मध्ये फ्लोरिडातल्या क्रॉस क्रीक नावाच्या आडगावात संत्र्यांची बाग घेऊन राहायला गेल्या. आजूबाजूच्या रानात राहणाऱ्या गरीब शेतकरी-शिकारी कुटुंबांची भाषा, खाणं, भांडणं त्यांनी जवळून पाहिली. त्या रानातल्या एका मुलाची गोष्ट लिहा, असा आग्रह धरला तो त्यांचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी. हेमिंग्वे आणि फिट्झजेराल्ड यांचेही संपादक तेच. मराठीत हे पुस्तक आणलं राम पटवर्धनांनी, आणि ते ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकाचे संपादक. एका संपादकाने लिहून घेतलेलं पुस्तक दुसऱ्या संपादकाने आपल्या भाषेत आणावं, हा योगायोग मला फार आवडतो. दुसऱ्याच्या लेखनातला शब्दन्‌शब्द तोलण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा हात त्या मराठीला लागलेला आहे.

काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा, साधारण १८७० च्या आसपासचा. जागा म्हणजे फ्लोरिडातलं झुडपी, वाळूचं रान. त्या रानात मध्येच उंच पाइन झाडांचे बरी जमीन असलेले तुकडे आहेत, त्यांना तिथले लोक ‘आयलंड’ म्हणतात. त्यामुळे पुस्तकात गोष्टीतल्या मुलाचं बॅक्स्टर कुटुंब ‘बेटावर’ राहतं म्हटलं, तरी भोवती पाणी नाही, रान आहे. मुलं इथे हमखास अडखळतात, आधीच सांगून टाका. आज हा भाग ओकाला राष्ट्रीय वनात येतो, आणि तिथल्या पॅट्स आयलंड भागातून जाणाऱ्या पायवाटेला या कादंबरीचंच नाव दिलेलं आहे. नकाशावर ती वाट शोधायला मुलांना मजा येते.

नावाबद्दल थोडं. ‘यर्लिंग’ म्हणजे वर्षाचं झालेलं जनावर, पिल्लूही नाही आणि पुरतं वाढलेलंही नाही. गाईच्या बाबतीत आपल्याकडे वासराची कालवड होते, गोऱ्हा होतो, तो मधला टप्पा भाषेत आहे. हरणासाठी तसा रोजच्या वापरातला शब्द नाही, म्हणून ‘पाडस’. शब्द गोड आहे, पण मुलाला वाटतं की अख्खं पुस्तक त्या इवल्या ठिपकेदार पिल्लाचं आहे. खरा पेच सुरू होतो तो ते पिल्लू राहत नाही तेव्हा.

आधी स्वतः पुन्हा वाचा

‘‘वाचलंय की लहानपणी’’ म्हणू नका. मीही तेच म्हणत होते. लहानपणी वाचलेल्यातलं ज्योडी, फ्लॅग आणि शेवट एवढंच लक्षात राहिलेलं असतं. (मुलाचं नाव ज्योडी, हरणाचं फ्लॅग. मी नावं मूळ उच्चारांच्या जवळ ठेवली आहेत, तुमच्या प्रतीत एखाद्या अक्षराचा फरक दिसेल.) पुन्हा वाचताना लक्षात येतं, की पाडस घरात येईपर्यंत पुस्तकाचा तिसरा हिस्सा उलटून गेलेला असतो. तोवर काय आहे? शेत आहे, शिकार आहे, स्ल्यूफूट नावाच्या अस्वलाने मारलेली डुकरीण आहे, शेजारच्या फॉरेस्टर कुटुंबातले दाढीवाले दांडगे भाऊ आहेत, त्यांची दारू आणि हाणामारी आहे. शिकार तर पानोपानी आहे, आणि ती मौजेची नाही, जेवणाची आहे. ज्या घरात मुलाने कोंबडी कापताना पाहिलेली नाही, त्या घरात हे आधी माहीत असलेलं बरं.

पुढे बापाला विषारी साप चावतो. ज्योडीचा एकुलता मित्र मरतो. पूर येतो, मग रोगाने रानातली हरणं मरतात, लांडगे येतात. आणि शेवटी फ्लॅग.

पुन्हा वाचताना तुम्ही स्वतः कुठे थांबलात, ती पानं कागदाची खूण घालून ठेवा. मूल बहुधा तिथेच थांबतं.

मूल कोणतं

दहाव्या वर्षी देऊ नका. माझ्या अनुभवात बारा हे बरं वय, ज्योडीही सुरुवातीला बाराचाच आहे. पण वयापेक्षा मी तीन गोष्टी पाहते. मूल लांबलचक पुस्तक पुरं करतं का? यात तेहतीस प्रकरणं आहेत आणि सुरुवात संथ आहे. गोष्टीत कुणी मेलं तर ते त्यावर बोलतं, की गप्प होतं? आणि गेल्या सहा महिन्यांत घरातलं कुत्रं-मांजर किंवा आजी-आजोबांपैकी कुणी गेलंय का? गेलं असेल तर सरळ वर्षभर थांबा. ‘‘त्याला बरं वाटेल, मोकळं होईल’’ असं म्हणून दुःखात दुःखाचं पुस्तक देणारी माणसं मला भेटतात. मोठ्यांच्या बाबतीत ते कदाचित खरं असेल. मुलाला तेव्हा शेजारी बसणारं माणूस लागतं, चारशे पानं नव्हे.

दुसऱ्या मुद्द्याची चाचणी घ्यायची तर आधी ‘शार्लट्स वेब’ वाचायला द्या. ई. बी. व्हाइट यांचं १९५२ सालचं हे पुस्तक आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही झेपतं. डुकराच्या पिल्लाचा जीव वाचतो, त्याला वाचवणारी आठ पायांची कोळीण मात्र शेवटी मरते. त्या मरणाबद्दल मूल दुसऱ्या दिवशी आपणहून काही विचारतं का, ते बघा. विचारत असेल तर ‘पाडस’साठी तयार आहे असं मी समजते.

देताना काय बोलायचं

माझी पहिली चूक इथेच झाली होती. नंतर दुसऱ्या टोकाची केली. एका मुलाला इतकं बजावून ठेवलं, ‘‘खूप रडू येईल हं, तयारी ठेव’’, की तो प्रत्येक प्रकरणात आता कोण मरणार म्हणून पानं उलटून बघायला लागला.

आता मी साधारण असं म्हणते: ‘‘ही एका मुलाची, त्याच्या आईबापाची आणि एका हरणाची गोष्ट आहे. ते फार गरीब आहेत. सुरुवात सावकाश आहे, पन्नास पानं धीर धर. शेवट मला त्रास देतो, अजूनही. तू शेवटाकडे आलास की मला सांग.’’ काय होणार ते सांगत नाही, पण काहीतरी होणार हे लपवतही नाही. आणि ‘मला’ त्रास देतो म्हणते. तुला देईल, असं म्हणत नाही. ते मुलाने ठरवायचं.

‘‘यातून तुला खूप शिकायला मिळेल’’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. पुस्तक तिथेच संपलं.

पहिली पन्नास पानं: मोठ्याने वाचा आणि चक्की करा

सुरुवात एप्रिलमधल्या एका दिवसाने होते. ज्योडी मक्याच्या शेतातली खुरपणी टाकून झऱ्यावर पळतो आणि ओहोळात एक छोटीशी पाणचक्की करून बसतो, तिथेच झोपतो. घरी परतल्यावर आई करवादते. बाप मात्र त्याला सांभाळून घेतो, कारण त्याला स्वतःचं लहानपण कधी नीट मिळालेलंच नाही. घटना एवढीच. आजच्या मुलाला हे कंटाळवाणं वाटणार, आणि ते त्याचं चुकलेलं नाही.

म्हणून पहिली दोन प्रकरणं मी मोठ्याने वाचते आणि मग मुलांकडून ती चक्की करून घेते. दोन बेचकीच्या काटक्या पाण्यात एकमेकींसमोर रोवायच्या. एक सरळ, गुळगुळीत काडी आस म्हणून बेचक्यांवर आडवी ठेवायची. ज्योडी पाती ताडासारख्या झाडाच्या पानांची करतो, आपल्याकडे नारळाची झावळी उत्तम. झावळीच्या पात्याच्या दोन पट्ट्या कापा, मधोमध चीर पाडून आसाच्या काडीत एकमेकींना छेदतील अशा बसवा. पात्यांची टोकं पाण्याला जेमतेम लागली पाहिजेत, खोल गेली तर चाक अडतं. पावसाळ्यात गावाकडे ओहोळ मिळाला तर उत्तमच. आम्ही सोसायटीच्या बागेतल्या पाटावर नळ सोडून केली, वॉचमनकाकांनी पाण्यावरून बोल लावले ते वेगळं.

हा खेळ वेळ घालवायला नाही. शेवटच्या प्रकरणात ज्योडी त्याच झऱ्यावर परत येतो, तसंच चाक पुन्हा करतो आणि त्यात त्याला काहीच वाटत नाही. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने चाक फिरवलेलं असतं, त्याला ते पान वेगळ्याच तऱ्हेने कळतं. बाकी कुठलीही पायरी गाळलीत तरी चालेल, ही गाळू नका. अर्थात पुढची तर नाहीच.

मक्याचा हिशेब

माझं म्हणणं असं, की ‘पाडस’ ही हरणाची कादंबरी नाहीच, मक्याची आहे. मका कळला नाही तर पेनी, म्हणजे ज्योडीचा बाप, शेवटी दुष्ट ठरतो. भाचीने पुस्तक भिरकावलं ते याच कारणाने. तिच्या मनात हिशेब असा होता: हरणाने थोडा मका खाल्ला, म्हणून बापाने त्याला मारायला सांगितलं. तेवढंच वाचलं तर मीही भिरकावीन.

मुंबई-पुण्याच्या मुलाला मका म्हणजे पावसात लिंबू-तिखट लावून खायचं कणीस किंवा सिनेमाला गेल्यावरच्या लाह्या. बॅक्स्टरांच्या घरात मका म्हणजे रोजची भाकरी. घोड्याची वैरण, डुकरांचं आणि कोंबड्यांचं खाणं, सगळं त्याच्यातूनच. दुकान नदीपलीकडे. हातात पैसा जवळजवळ नाही. घराजवळ विहीरही नाही, पाणी लांबच्या खड्ड्यातून आणायचं. मका गेला म्हणजे पुढच्या हिवाळ्यात जेवण गेलं, आणि जेवण गेलं म्हणजे कोणीतरी गेलं.

म्हणून मी मुलांना एका वहीत तीन रकाने आखायला सांगते: घरात काय आहे, काय गेलं, कामाला कोण उभं राहू शकतं. प्रकरण संपलं की एखादी ओळ भरायची, निबंध नको. डुकरीण गेली, लिहा. बाप साप चावून पडला, तिसऱ्या रकान्यातून काही दिवस तो खोडा. पुराने पीक नासलं. रोगाने शिकार आटली. शेवटाकडे बाप जमिनीतलं खोड उपटताना आतून दुखावतो आणि अंथरुणाला खिळतो, तिसऱ्या रकान्यात आता बारा-तेरा वर्षांचा पोरगा आणि त्याची आई. मग फ्लॅग तंबाखूची रोपं तुडवतो, ते रोख पैशाचं पीक. मग उगवलेला मका खातो. ज्योडी पुन्हा पेरतो. कुंपण उंच करतो, ज्या आईला ते हरीण सुरुवातीपासून नको होतं तीसुद्धा त्याला कुंपणाला हात लावते. फ्लॅग ते सहज उडी मारून ओलांडतो.

इथवर वही भरलेलं मूल पेनीचा निर्णय वाचून चिडतं, पण ‘‘एवढंसं कारण’’ म्हणत नाही. हा फरक मी पाच-सहा मुलांमध्ये तरी पाहिलाय.

आमच्या रविवारच्या मुलांत एकाचं आजोळ यवतमाळकडचं आहे. बाकीची मुलं ‘‘बाजारातून आणायचा ना मका’’ म्हणत होती, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मग यांनी जागल का नाही केली?’’ त्याचे मामा पिकात रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर शिरतात म्हणून रात्र-रात्र शेतात जागलीला जातात, डबे बडवतात, आरोळ्या देतात. त्याला काही समजावून सांगावंच लागलं नाही. उलट मग दोन रविवार तोच सगळ्यांना सांगत होता, की रोही एकदा पिकाला चटावला की कुंपण त्याला काय करतं. तुमच्या घरात, नात्यात असं कोणी शेती करणारं असेल तर मुलाला या टप्प्यावर त्यांना फोन लावून द्या. माझ्या दहा वाक्यांपेक्षा मामांचं एक वाक्य कामाचं ठरलं.

साप चावतो तिथे थांबा

पेनीला विषारी साप चावतो तेव्हा तो समोर दिसलेली हरिणी मारतो आणि तिचं काळीज कापून जखमेवर दाबून धरतो, विष ओढून घ्यायला. प्रसंग जबरदस्त आहे, आणि त्या हरिणीचंच पाडस पुढे फ्लॅग होतं. आईला आपण मारलं, आता पिल्लू उपाशी मरू देणं हा कृतघ्नपणा, असं म्हणून ज्योडी त्याला घरी आणतो.

पण वाचून झालं की मुलाला स्पष्ट सांगा, की हा उपचार नव्हे. त्या काळी रानातल्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने ते केलं. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-कडं काढायचं आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा, सर्पविषावरचं औषध तिथेच मिळतं. गोष्ट थांबवून हे सांगायला जिवावर येतं, तरीही सांगा. आपल्याकडे अजून साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे नेणारी घरं आहेत.

दुसरं म्हणजे पिल्लू उचलून घरी आणणं. हे प्रकरण वाचलेल्या प्रत्येक मुलाला हरणाचं पिल्लू हवं असतं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला प्राणी घरी पाळणं गुन्हा आहे, हे एक. त्याहून महत्त्वाचं हे, की गवतात एकटं बसलेलं पाडस बहुतेक वेळा अनाथ नसतंच. हरिणी पिल्लाला लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. आपण दयेपोटी उचललं तर आईपासून आपणच तोडतो. खरोखर जखमी दिसलं तर हात न लावता महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

फॉडरविंग

शेजारच्या त्या दांडग्या फॉरेस्टर भावांमधला हा धाकटा, ज्योडीचा तो एकुलता मित्र. जन्मतः वाकडं, दुबळं शरीर, आणि भोवती पाळलेल्या प्राण्या-पाखरांचा गोतावळा. एकदा हातांना चारा बांधून उडायला म्हणून त्याने छपरावरून उडी मारली होती, म्हणून हे नाव पडलं. ज्योडी पाडसाला नाव ठेवून घ्यायला त्याच्याकडे जातो, आणि तो आधीच गेलेला असतो. नाव मात्र त्याने सुचवून ठेवलेलं असतं: हरीण शेपूट निशाणासारखं उभारून पळतं, म्हणून फ्लॅग.

इथे मी काहीच करत नाही. त्या रविवारी वाचन लवकर संपवते, मुलं खाली जाऊन क्रिकेट खेळतात. पुढच्या रविवारपर्यंत विषय काढत नाही.

शेवटची प्रकरणं

रात्री वाचू देऊ नका. परीक्षेच्या आठवड्यात नको, आणि तुम्ही बाहेरगावी असताना तर नकोच. सुटीच्या दिवशी, सकाळी, तुम्ही घरात असताना. शेजारी बसून चेहरा न्याहाळायचा नाही, स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलात तरी पुरे.

घडतं ते असं. बाप अंथरुणातून सांगतो, हरणाला रानात ने आणि गोळी घाल. ज्योडीच्याने होत नाही. शेवटी आई बंदूक उचलते, तिला नेम येत नाही, फ्लॅग जखमी होतो, आणि ती तडफड संपवायला ज्योडीलाच गोळी घालावी लागते. तो बापाला नाही नाही ते बोलतो, घर सोडून पळतो. मग पहिल्यांदा त्याला खरी भूक लागते. भूक हा शब्द आई-बाप इतके दिवस ज्या अर्थाने वापरत होते, तो अर्थ त्याला तिथे कळतो. तो परत येतो.

खूप पालक गोळीच्या पानावर मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेतात, ‘‘राहू दे आता’’ म्हणतात. हे अजिबात करू नका. तिथे थांबलेल्या मुलाकडे फक्त मारलेलं हरीण उरतं. भूक आणि परत येणं याच्या पुढे आहे, बापलेकाचं बोलणं त्याच्याही पुढे. हवं तर उरलेली पानं तुम्ही वाचून दाखवा, आवाज फुटला तरी चालेल, माझा दर वेळी फुटतो. पण त्याच दिवशी शेवटापर्यंत जा.

संपल्यावर पहिला प्रश्न तुम्ही विचारू नका. ‘‘कसं वाटलं?’’ हा तर सगळ्यांत वाईट प्रश्न. मुलं बोलतात, पण दोन-तीन दिवसांनी, आणि भलत्याच वेळी. एका मुलीने रिक्षात विचारलं, ‘‘त्यांनी हरणाला लांब दुसऱ्या जंगलात का नाही सोडलं?’’ उत्तर पुस्तकात आहे. ज्योडी असल्या सगळ्या वाटा मनात चाचपून बघतो, अगदी शहरातल्या प्राणिसंग्रहालयापर्यंत. पण मी लगेच ते सांगितलं नाही. ‘‘तू असतीस तर कुठे सोडलं असतंस?’’ म्हटलं. ती फ्लोरिडाचा नकाशा काढून बसली.

आईबद्दल मात्र मी आपणहून बोलते, कारण तिच्यावर सगळीच मुलं अन्याय करतात. ओरा बॅक्स्टर तुसडी आहे, हरणाच्या वाटचं दूध मोजते, तिच्या तोंडी गोड शब्द नाही. मी एवढंच विचारते, की ज्योडीच्या आधीच्या भावंडांचं काय झालं ते कुठल्या पानावर आहे? मुलं मागे जाऊन शोधतात. ती सगळी तान्हेपणीच गेलेली, घराजवळ त्यांच्या थडग्यांची ओळ आहे. पुन्हा जीव लावायची त्या बाईला भीती वाटत असेल, असं एकदा एका तेरा वर्षांच्या मुलाने म्हटलं. मी नव्हतं सुचवलं.

चित्रपट, आणि मग काय

१९४६ साली या कादंबरीवर चित्रपट आला, ग्रेगरी पेक बापाच्या भूमिकेत. चांगला आहे, पण आधी दाखवू नका. एकदा पेकचा उंचापुरा, देखणा पेनी पाहिला की पुस्तकातला बुटका, काटकुळा, म्हणूनच ‘पेनी’ हे टोपणनाव पडलेला माणूस मुलाला दिसेनासा होतो. आणि तो लहानखुरा असणं महत्त्वाचं आहे, कारण रानात तो टिकतो तो ताकदीवर नव्हे.

‘‘असंच आणखी काहीतरी दे’’ म्हणणाऱ्या मुलाला लगेच दुसरं रडवणारं पुस्तक देऊ नका. मी मध्ये काहीतरी हसरं देते, मग धनगोपाल मुखर्जींचं ‘गे-नेक’: कोलकात्यातला मुलगा आणि त्याचं कबूतर, १९२८ सालचं न्यूबेरी पदक मिळालेलं. इंग्रजी सोपं आहे. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’, वानरांच्या टोळ्यांचं. त्यात मूल नाही, माया नाही, पण ‘पाडस’मधलं रान ज्याला आवडलं त्याला ते धरून ठेवतं.

प्रतीबद्दल सांगायचं राहिलं. दुकानात मिळाली नाही तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, मुलांच्या विभागात नाही, मोठ्यांच्या अनुवादित कादंबऱ्यांत. तिथे जुनी, बांधणी केलेली प्रत मिळण्याची शक्यता जास्त. आणि शक्य असेल तर घरात एक विकत घेऊन ठेवा, कारण हे पुस्तक दुसऱ्यांदा लागतं.

भाचीची प्रत कपाटावर सहा वर्षं पडून होती. गेल्या मे महिन्यात तिने स्टूल घेऊन ती स्वतः काढली, मला न सांगता. वाचून झाल्यावर फोन केला. अर्धा वेळ कॉलेजच्या प्रवेशाबद्दल बोलली, मग म्हणाली, ‘‘मावशी, त्या रात्री पेनीला झोप लागली असेल का गं?’’

मी म्हटलं, पुस्तकात नाही लिहिलेलं.

‘‘ते मलाही माहितेय,’’ ती म्हणाली.